कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आणि नॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात थर्मलचा, म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांचा, विषय निघाला की गाडी राखेवरच जाते, आणि जायलाच पाहिजे, जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलंय. राखेनंतर नंबर लागतो एफजीडीचा, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रणेचा. नॉक्सचं नाव मात्र कोणी घेतच नाही, कारण तो दिसत नाही, अंगणात साचत नाही, कपड्यावर बसत नाही. मी बॉयलरच्या लोकांसोबत बरीच वर्षं काम केलंय त्यामुळे कोराडी, महादुला, कामठी, मानकापूरकडची ओळखीची माणसं मलाच विचारून राहिली असतात. तेच प्रश्न इथं एकत्र करून ठेवतो.

नॉक्स म्हणजे नेमकं काय?

नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून बनलेले दोन वायू, नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड, या दोघांना मिळून नॉक्स म्हणतात. चिमणीतून निघतो तेव्हा त्यातला ९० टक्क्यांच्या वर भाग पहिला, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड असतो, त्याला रंग नाही. हवेत गेल्यावर हळूहळू त्याचं नायट्रोजन डायऑक्साइड होतं, तो तपकिरी आणि जास्त त्रासदायक. नायट्रस ऑक्साइड, ज्याला हसवणारा वायू म्हणतात, तो यात मोजत नाहीत, तो वेगळा विषय.

काका, कोराडीकडून जाताना जे पांढरं पांढरं निघताना दिसते ते हेच का?

नाही. बुटक्या, रुंद, कमरेत बारीक असलेल्या टॉवरमधून जे निघतं ते कूलिंग टॉवर आहेत आणि ती पाण्याची वाफ आहे. नॉक्स निघतो तो उंच सरळ चिमणीतून, आणि ज्या दिवशी चिमणीच्या तोंडाशी काहीच दिसत नाही त्या दिवशीही तो निघतच असतो. ‘आज धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली’ हा हिशोब निदान नॉक्सच्या बाबतीत तरी लावू नका.

कोळसा जाळला की नॉक्स का बनतो? कोळशात नायट्रोजन असतो का?

असतो ना. आपल्याकडच्या कोळशात वजनाच्या साधारण १ ते २ टक्के नायट्रोजन असतो. ६६० मेगावॉटचं युनिट, म्हणजे एक बॉयलर आणि त्यावरचा वीज बनवणारा संच, फुल लोडला तासाला ४०० टनांच्या आसपास कोळसा खातं, म्हणजे तासाला निदान चार टन नायट्रोजन कोळशासोबतच भट्टीत जातो. त्यातला बराचसा साधा नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, काही भागाचा नॉक्स होतो. दुसरा रस्ता म्हणजे हवेतलाच नायट्रोजन. एरवी तो कोणाशी बोलत नाही, पण ज्वाळेचं तापमान १३००-१४०० डिग्रीच्या वर गेलं की तोही ऑक्सिजनला चिकटतो. कोळशाच्या बॉयलरमध्ये मोठा वाटा, ढोबळमानाने तीन चतुर्थांश, कोळशातल्या नायट्रोजनचाच असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे उपाय यावरच उभे आहेत.

एका युनिटमधून असा किती निघत असेल?

एक युनिट वीज म्हणजे एक किलोवॉट-तास, त्यामागे साधारण साडेतीन ते चार घनमीटर धूरवायू बाहेर पडतो. ६६० मेगावॉटच्या युनिटचा हिशोब केला तर तासाला जवळपास २४ लाख घनमीटर. एका घनमीटरमध्ये ४५० मिलिग्रॅम नॉक्स धरला तर तासाला एक टनाच्या थोडं वर, आणि तेच १०० वर आणलं तर पाव टन. कागदावर ४५० आणि १०० हे दोन आकडे बारीक वाटतात पण रोजच्या हिशोबात फरक वीस टनांचा आहे, एका युनिटचा.

आपल्याला त्याने काय होते? आजवर तर काही जाणवलं नाही.

तीन गोष्टी होतात. एक तर नायट्रोजन डायऑक्साइड सरळ श्वासनळीला त्रास देतो, दम्याची लहान मुलं असलेल्या घरात हे जास्त जाणवतं. दुसरं, उन्हात हाच नॉक्स हवेतल्या बाकी वाफांसोबत मिळून जमिनीलगतचा ओझोन बनवतो, आणि ऊन म्हटलं तर आपल्या मे महिन्याला काय कमी आहे. ओझोन छातीला वाईट आणि पिकालाही वाईट, सोयाबीन आणि गहू ही दोन्ही पिकं ओझोनला कच्ची समजली जातात. तिसरं लोकांना माहीतच नसतं: नॉक्सचं पुढे नायट्रेट होतं आणि ते बारीक कण होऊन पीएम २.५ मध्ये जमा होतं. म्हणजे राख पकडणाऱ्या ईएसपीने कण कितीही चांगले अडवले तरी वायूच्या रूपात निघालेला माल बाहेर जाऊन पुन्हा कण बनतो. हिवाळ्यात जास्त, कारण थंडीत हे कण टिकतात.

हवेतल्या नायट्रोजन डायऑक्साइडची आपल्या देशातली मर्यादा वर्षाच्या सरासरीला ४० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांना ८० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षाची १० आणि २४ तासांची २५ सांगितली. आपलं मीटर ‘मर्यादेत’ म्हणतं तेव्हा कोणती मर्यादा ते विचारत जा.

पण भाऊ, सिताबर्डीतल्या गाड्यांचा धूर यापेक्षा जास्त नाही का?

रस्त्यालगत उभं राहून मोजलं तर गाड्यांचाच जास्त सापडेल, कारण सायलेन्सर नाकाच्या उंचीवर आहे. हे मान्यच करायला पाहिजे, उगाच सगळं थर्मलवर ढकलून उपयोग नाही. पण गाड्यांचा नॉक्स गल्लीत मुरतो आणि चिमणीचा दूर जाऊन ओझोन आणि नायट्रेट होऊन पडतो. एकाची चर्चा करताना दुसऱ्याला सुटी द्यायची गरज नाही. नागपूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळे दोघांचाही हिशोब व्हायला पाहिजे.

उंच चिमणीने हा प्रश्न सुटत नाही का?

नाही. ५०० मेगावॉट आणि त्यावरच्या युनिटांना २७५ मीटरची चिमणी हा जुना नियम. त्याने जवळच्या गावातला मारा कमी होतो, एकूण माल एक ग्रॅमनेही कमी होत नाही. तो फक्त लांबच्या माणसाच्या वाट्याला जातो.

कायद्यात नॉक्सची मर्यादा किती आहे?

डिसेंबर २०१५ च्या आधी कोळशाच्या थर्मलला देशपातळीवर नॉक्सची मर्यादाच नव्हती, फक्त धुळीची होती. ७ डिसेंबर २०१५ ला पर्यावरण मंत्रालयाने नियम आणला: २००३ अखेरपर्यंत बसलेल्या युनिटला ६०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, २००४ ते २०१६ मधल्यांना ३००, आणि जानेवारी २०१७ पासूनच्यांना १००. मग कंपन्यांनी म्हटलं की ३०० आम्हाला नेहमी जमत नाही, खासकरून लोड कमी असताना, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये मधल्या गटाचे ३०० चे ४५० झाले. मला हा निर्णय तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही, कारण ३०० पर्यंत येणं फक्त बर्नर आणि हवेच्या कामाने बऱ्याच बॉयलरमध्ये शक्य कोटीतलं होतं, थोडी मेहनत होती इतकंच.

मग आपल्या इथल्या कोणत्या युनिटला कोणता आकडा?

युनिट कधी बसलं त्यावर आहे, प्लांटच्या नावावर नाही. खापरखेड्याचे २१० मेगावॉटचे चार युनिट २००३ च्या आधीचे, त्यांना ६००. तिथलंच ५०० चं पाचवं युनिट नंतरचं, त्याला ४५०. कोराडीचं जुनं २१० चं युनिट ६०० मध्ये. कोराडीचे ६६० चे तीन युनिट २०१५ ते २०१७ या काळात चालू झाले, म्हणजे नेमके नियमाच्या उंबरठ्यावर, तिथे प्रत्येक युनिटची तारीख वेगळी पाहावी लागते. मौद्याच्या थर्मलचे ५०० चे पहिले दोन मधल्या गटात. कोणी ‘आमचा प्लांट नॉर्ममध्ये आहे’ म्हटलं की पहिले विचारा, कोणतं युनिट?

एफजीडीतून सूट मिळाली म्हणे, म्हणजे नॉक्समधूनही मिळाली का?

नाही, आणि हा गोंधळ लय लोकांचा आहे. एफजीडी सल्फर डायऑक्साइडसाठी आहे. जुलै २०२५ मध्ये जी सूट आली ती सल्फरच्या नियमात, तीसुद्धा प्लांट शहरापासून किती लांब त्यावर गट पाडून, आणि दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतले प्लांट त्या सुटीत नाहीत. नॉक्सची मर्यादा जशीच्या तशी उभी आहे आणि तिची मुदतही संपलेली आहे, पहिल्या गटाची २०२२ अखेर आणि शेवटच्या गटाची २०२४ अखेर.

आणि हो, एफजीडी बसलं म्हणून नॉक्स धुऊन निघत नाही. नायट्रिक ऑक्साइड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, चुनखडीच्या पाण्यातून तो जसा आला तसाच वर निघून जातो.

भट्टीतच कमी करता येतो म्हणतात, ते कसं?

हा माझ्या आवडीचा प्रश्न, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम इथंच आहे.

कोळशाची पावडर हवेसोबत भट्टीत शिरली की आधी तिच्यातले वायू सुटतात आणि कोळशातला बराचसा नायट्रोजन या वायूंसोबतच बाहेर येतो. त्या क्षणी आजूबाजूला ऑक्सिजन भरपूर असेल तर त्याचा नॉक्स होतो. ऑक्सिजनची टंचाई असेल तर तोच नायट्रोजन आपसात जोडी लावून साधा नायट्रोजन वायू होऊन जातो, जो आपण श्वासात घेतोच. म्हणून लो-नॉक्स बर्नरचं सगळं डोकं यात आहे की सुरुवातीला हवा थोडी कमी द्यायची, कोळसा जरा उपाशी जळू द्यायचा, आणि उरलेली हवा वरच्या भागातून, बर्नरच्या रांगांच्या वर, वेगळ्या तोंडांतून सोडायची. या वरच्या हवेला ओव्हरफायर एअर म्हणतात, एकूण हवेच्या साधारण १५-२० टक्के. दोन्ही नीट बसले तर नॉक्स ३० ते ६० टक्के उतरतो, बॉयलर कसा आहे त्यावर. चारही कोपऱ्यांतून कोळसा मारून मधे आगीचा गोळा फिरवणारे जे बॉयलर आहेत, आपल्याकडे बरेच तसेच आहेत, त्यांत मुळात नॉक्स जरा कमीच बनतो.

पण सामान बसवलं की काम झालं असं नाही. डेस्कवर बसलेल्या इंजिनिअरच्या समोर एक छोटा आकडा असतो, इकॉनॉमायझरच्या (निघत्या धुराने बॉयलरचं पाणी तापवणारा भाग) तोंडाचा ऑक्सिजन. साडेतीन टक्के पाहिजे तिथे साडेपाच चालवला की नॉक्स वाढतो. मग तो साडेपाच का चालवतो? कारण एखाद्या कोपऱ्यातला डॅम्पर (हवेची झडप) अडकला असतो, किंवा कोळसा दळणाऱ्या एका मिलचा कोळसा जाड येऊन राहिला असतो, हवा कमी केली की कार्बन मोनॉक्साइड उसळतो, आणि रात्रपाळीत कोण जोखीम घेणार, म्हणून सगळ्या भट्टीलाच जास्त हवा देऊन मोकळा होतो. एक अडकलेला डॅम्पर सोडवला, मिलचं क्लासिफायर (जाड पावडर पुन्हा दळायला पाठवणारी चाळणी) नीट केलं, चारही कोपऱ्यांचा कोळसा सारखा केला तर कोणतीही नवीन मशीन न घेता आकडा खाली येतो. ट्यूनिंगचं हे काम टेंडरमध्ये चमकत नाही, उद्घाटनाची फीत कापायला मिळत नाही, म्हणून मागे पडतं.

यात तोटा काहीच नाही का?

आहे. हवा कमी दिली की थोडा कोळसा न जळता राखेत जातो, राख काळपट दिसायला लागते. आपल्याकडे फ्लाय अॅशच्या विटा आणि सिमेंटवाले हीच राख नेतात, आणि सिमेंटमध्ये टाकायच्या राखेत जळण्याजोगा माल ५ टक्क्यांच्या वर चालत नाही. वीटवाला मुठीत राख घेऊन, बोटावर चोळून, काळे ठिपके दाखवतो आणि सांगतो, ‘ही नको, मागच्या महिन्यातली द्या.’ नॉक्सच्या मीटिंगमध्ये त्याला कोणी बोलवत नाही, बोलवायला पाहिजे. शिवाय उपाशी ज्वाळा भिंतीच्या नळ्यांना लागली तर नळ्या झिजतात आणि ट्यूब लीकेज म्हणजे युनिट बंद. म्हणून दोन्ही आकडे, नॉक्स आणि राखेतला न जळलेला कार्बन, सोबत पाहात जावं लागतं.

युरिया मारतात म्हणे बॉयलरमध्ये? आपला शेतातला?

त्याला एसएनसीआर म्हणतात. युरियाचं पाणी किंवा अमोनिया भट्टीच्या वरच्या भागात, साधारण ८५० ते ११०० डिग्रीच्या पट्ट्यात फवारायचं, त्यातला अमोनिया नॉक्सला पकडून नायट्रोजन आणि पाणी करतो. मोठ्या बॉयलरमध्ये ३० ते ५० टक्के उतरतो. पट्टा चुकला की पंचाईत, जास्त गरम जागी अमोनियाचाच नॉक्स होतो आणि थंड जागी अमोनिया तसाच निसटतो. आणि सबसिडीचा नीमकोटेड युरिया यात वापरता येत नाही, तो फक्त शेतीसाठी आहे, कारखान्याला टेक्निकल ग्रेडचा घ्यावा लागतो.

आणि एससीआर?

रसायन तेच, पण मधे कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) असतो त्यामुळे ३०० ते ४०० डिग्रीलाच काम होतं आणि नॉक्स ८०-९० टक्के कमी होतो. जपानने १९७० च्या दशकात हे वापरायला सुरुवात केली, मग जर्मनी, मग अमेरिका. तुमच्या बीएस-६ ट्रकमध्ये जे निळ्या टाकीतलं युरियाचं पाणी भरतात तेही हेच तंत्र, रस्त्यावर आपण एप्रिल २०२० पासून वापरून राहिलो.

थर्मलला अडचण आपल्या राखेची आहे. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख, तीही खरखरीत, आणि कॅटॅलिस्टची जागा इकॉनॉमायझर आणि एअर प्रीहीटरच्या (धुराने भट्टीची हवा तापवणारं यंत्र) मधे, म्हणजे राख पकडण्याच्या आधी. वाळू मारल्यासारखी ती राख कॅटॅलिस्टच्या जाळीवर आदळत राहते, झिजवते, बुजवते. एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीने याचे पायलट प्रयोग करून पाहिले ते याचसाठी, की आपल्या राखेत कॅटॅलिस्ट किती टिकतो. जुन्या २१० च्या युनिटमध्ये तर एवढं मोठं धूड बसवायला जागाच नसते. म्हणून माझं मत असं की जुन्या युनिटांत भट्टीचं काम नीट करून घ्या, पण नवीन युनिटला १०० ची मर्यादा आहे तिथे एससीआरची जागा नकाशातच पाहिजे, नंतर बघू हे चालणार नाही.

अमोनिया धोकादायक नाही का?

शुद्ध द्रव अमोनियाची टाकी वस्तीजवळ असणं धोकादायकच आहे. महादुला, कोराडी इतके चिकटून आहेत की तिथे पाण्यात मिसळलेला अमोनिया किंवा जागेवर युरियापासून बनवलेला अमोनिया हाच रस्ता धरावा. दुसरं, निसटलेला अमोनिया गंधकाच्या वायूसोबत चिकट मीठ बनवून एअर प्रीहीटर बुजवतो, आणि राखेत शिरला तर तीच राख ओल्या सिमेंटमध्ये कालवताना वास मारते. म्हणून ‘नॉक्स किती’ सोबत ‘अमोनिया किती निसटतो’ हेही विचारायचं.

सोलर वाढलं म्हणजे थर्मल कमी चालेल, नॉक्स आपोआप कमी होईल ना?

एकूण टन कमी होतील, बरोबर. पण दुपारी सोलर जोरात असताना थर्मलला ५५ टक्के लोडपर्यंत खाली यावं लागतं, आणि कमी लोडला बॉयलर बेशिस्त होतो. बर्नर कमी चालतात, हवा मात्र ठरावीक किमान द्यावीच लागते, म्हणून ऑक्सिजन चढतो आणि प्रत्येक घनमीटरमागचा नॉक्स वाढू शकतो. एससीआर असेल तर धूर थंड पडून तेही नीट काम करत नाही. त्यामुळे फुल लोडची टेस्ट दाखवून सर्टिफिकेट घेणं पुरेसं नाही, दुपारचा आकडा मागा.

चिमणीचा आकडा कसा वाचायचा?

ऑक्सिजनशिवाय वाचायचाच नाही. मर्यादा ठरली आहे ती कोरड्या वायूत, ६ टक्के ऑक्सिजन धरून. कारण साधं आहे, धुरात बाहेरची हवा मिसळली की नॉक्स पातळ दिसतो, आणि एअर प्रीहीटरच्या सीलमधून हवा घुसतच असते.

समजा मीटरवर ४०० दिसून राहिले आणि तिथला ऑक्सिजन ८ टक्के आहे. २१ मधून ६ गेले १५, २१ मधून ८ गेले १३, मग ४०० गुणिले १५ भागिले १३, आले ४६१. म्हणजे ४०० वाचून खूश झालो ते युनिट खरं तर ४५० च्या बाहेर आहे. आणखी एक पाहायचं, आकडा पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) आहे का. पीपीएमला साधारण २.०५ ने गुणलं की मिलिग्रॅम येतात, २२० पीपीएम ऐकायला छान वाटतं पण ते ४५१ मिलिग्रॅम आहेत.

हे आकडे सामान्य माणसाला मिळतात का?

मिळायला पाहिजेत. मोठ्या थर्मलच्या चिमणीवरची ऑनलाइन मीटर राज्य आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या सर्व्हरला जोडलेली असतात. पर्यावरण मंजुरीच्या अटींचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि आपल्या वेबसाइटवर ठेवावा लागतो, शिवाय दर सप्टेंबरअखेर मंडळाला पर्यावरण विवरणपत्र जातं. नाही सापडलं तर माहिती अधिकारात अर्ज करा, पण अर्जात ‘नॉक्सची माहिती द्या’ एवढंच लिहू नका, सरासरीचा एक आकडा येईल आणि तुम्ही बसाल. युनिटनिहाय, तासानिहाय, सोबत ऑक्सिजन आणि लोड, असं लिहा.

झाडं लावून नॉक्स कमी होते का?

झाडं लावाच, पण धूळ आणि सावलीसाठी. तासाला टनाच्या हिशोबाला झाडं पुरत नाहीत.

कोराडीत आणखी दोन ६६० चे युनिट येणार म्हणतात, सुनावणीत आपण काय विचारायचं?

मे २०२३ च्या जनसुनावणीत राख, पाणी, आरोग्य यावर लोक बोलले, ते बोलायलाच पाहिजे. पुढच्या वेळी त्यात एवढं जोडा: १०० मिलिग्रॅम कशाने गाठणार, फक्त बर्नरने की एससीआरने? एससीआर असेल तर कॅटॅलिस्ट किती वर्षांनी बदलणार आणि तो खर्च मंजूर आहे का? ५५ टक्के लोडला आकडा किती राहील, याची हमी मशीन बनवणाऱ्याने लेखी दिली आहे का? अमोनिया कोणत्या रूपात साठवणार आणि टाकीपासून पहिलं घर किती मीटरवर? आणि शेजारच्या चालू युनिटांचे मागच्या वर्षाचे तासानिहाय आकडे, ऑक्सिजनसकट, सुनावणीच्या आधी टेबलावर ठेवणार का? उत्तर तोंडी देऊ नका म्हणा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि सही झालेली प्रत सोबत घेऊनच घरी या.